‘पुट अप विथ’ : काकांकडे राहतोय की काकांना सोसतोय?

एका वाचकानं विचारलंय, ‘आय कान्ट पुट अप विथ धिस नॉइज’ याचं मराठी ‘मला हा आवाज सहन होत नाही’ एवढंच करायचं का? आणि त्यातलं ‘विथ’ गाळलं तर बिघडतं का?

आधी ‘विथ’चं बघू, खरी गोम तिथंच आहे. नुसतं ‘पुट अप’ म्हणजे उभारणं, लावणं. तंबू ठोकला, भिंतीवर नोटीस लावली, की ‘पुट अप’. माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ मुक्कामाला ठेवून घेणं: ‘माय अंकल पुट मी अप फॉर टू नाइट्स’, काकांनी मला दोन रात्री ठेवून घेतलं. मागं ‘विथ’ लागलं, की त्याच शब्दांचा अर्थ होतो एखादी त्रासदायक गोष्ट मुकाट्यानं चालवून घेणं.

आपल्याकडे ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ असं सर्रास विचारतात, म्हणजे कुठं उतरलायस. हा जुना ब्रिटिश प्रयोग आहे, त्याला चूक म्हणायचं कारण नाही. घोटाळा उत्तरात होतो. माझा भाचा लंडनला काकांकडे उतरला होता. त्यानं तिथल्या सहकाऱ्याला लिहिलं, ‘आय अॅम पुटिंग अप विथ माय अंकल.’ सहकाऱ्यानं वाचलं, ‘काकांना कसंबसं सोसतोय’, आणि काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? इथं ‘स्टेइंग विथ माय अंकल’ म्हणावं, म्हणजे काकांवर आळ येत नाही.

हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद आहे. नोटीस ‘पुट इट अप’ करता येते, पण त्रासाच्या अर्थी ‘पुट इट अप विथ’ होत नाही. ‘पुट अप विथ इट’ असंच म्हणायचं. भूतकाळातही ‘पुट’च राहतं आणि बोलताना जोर ‘अप’वर येतो. वाक्याचा शेवट ‘विथ’सारख्या शब्दानं करू नये, असा एक नियम इंग्रजी शाळांतून शिकवत. त्याची टर उडवणारं वाक्य प्रसिद्ध आहे: ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’, म्हणजे ‘जे मी खपवून घेणार नाही’, पण ‘विथ’ शेवटी येऊ नये म्हणून शब्द उलटेपालटे केलेले. ते चर्चिल यांच्या नावावर सांगतात, पण ते त्यांचंच असल्याचा खात्रीचा पुरावा नाही. वाक्य मात्र बरोबर दाखवून देतं, की ही मोळी सोडली तर हाती काहीच उरत नाही.

आता मराठीचं. ‘सहन होत नाही’ चुकीचं नाही, पण त्यात सगळं एकाच मापानं मोजलं जातं. दुष्काळ, वैधव्य, दुखणं यांना आपण ‘सोसणं’ म्हणतो. ‘पुट अप विथ’ला एवढं वजन पेलत नाही. ते रोजच्या कटकटीचं क्रियापद आहे: वरच्या मजल्यावरची ठोकाठोक, उशिरा येणारी बस, साहेबांचा तिरसटपणा. चहात साखर कमी पडली तर आपण ‘चालवून घेतो’. ‘असली उत्तरं मी खपवून घेणार नाही’ हे बोलणाऱ्याकडे मात्र थोडा अधिकार असावा लागतो. सासूबाई, हेडमास्तर किंवा अंपायर यांच्या तोंडी ते शोभतं. मला ‘खपवून घेणे’ हेच ‘पुट अप विथ’चं सख्खं भावंड वाटतं. माल खपतो, माणूस कामात खपतो, पण त्या दोन्हींवरून ‘खपवून घेणे’चा अर्थ लागत नाही. तो आपण घरात ऐकून शिकलो. ‘पुट अप विथ’ही असंच अख्खं उचलावं लागतं.

तुमच्या वाक्यातला माणूस शेजाऱ्याच्या स्पीकरनं कावला असेल, तर मी लिहीन, ‘हा गोंगाट आता मी चालवून घेणार नाही.’ तो डोकं धरून बसला असेल, तर तुमचं ‘सहन होत नाही’च ठेवीन. ‘टॉलरेट’ अर्थानं जवळचं आहे, पण जरा औपचारिक. शिवाय औषध शरीराला मानवलं, तर डॉक्टर ‘टॉलरेट’ म्हणतात. तिथं ‘पुट अप विथ’ अजिबात चालत नाही.