'विरूपण' झालेला सिग्नल चांगला कसा?

प्रश्न असा आहे : एका जुन्या मराठी विज्ञानलेखात एएम ट्रान्समीटरविषयी 'वाहक तरंगाचे विरूपण' असे वाचले. हौशी रेडिओवाले तर वाल्वच्या जुन्या एएम सेटचा आवाज भरदार म्हणून वाखाणतात. विरूपण झाले तर आवाज बिघडायला नको का?

त्या लेखात विरूपण म्हणजे मॉड्युलेशन : रेडिओच्या वाहक लहरीवर आवाज चढवणे. एएममध्ये आवाजाप्रमाणे त्या लहरीची उंची कमीजास्त होते. घोळ 'वि' या उपसर्गाचा आहे. 'विविध'मध्ये तो वेगळेपण दाखवतो, 'विकृत'मध्ये बिघाड. संस्कृतात 'विरूप'चेही दोन्ही अर्थ आहेत : निरनिराळ्या रूपांचे आणि कुरूप. परिभाषा घडवणाऱ्यांनी पहिला धरला, आपल्याला मात्र आधी शूर्पणखा आठवते. त्यात हिंदीत 'विरूपण' म्हणजे डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार बिघडणे), म्हणजे दोन्हीकडचे वाचणाऱ्याची पंचाईतच.

गंमत म्हणजे 'मॉड्युलेशन'च्या मुळाशी लॅटिन 'मॉड्युलस' आहे, म्हणजे छोटे माप. एएममध्ये सगळा खेळ मापाचाच. १०० वॅटची वाहक लहर शुद्ध सुराने १०० टक्के मॉड्युलेट केली, की दोन्ही बाजूपट्ट्यांत (वाहकाच्या दोन्ही बाजूंच्या, आवाज वाहणाऱ्या फ्रिक्वेन्सींत) २५-२५ वॅट जातात आणि शिखरावर क्षणभर ४०० वॅट होतात. लहरीचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर पाहिले तर लहर फुगते आणि आकसते. आकसताना जेमतेम शून्याला टेकते. इथवर सगळे मापात. माइकवर आणखी जोर दिला की त्या दरीत वाहक लहर काही क्षण गायबच होते, पडद्यावर सपाट रेघ दिसते. ऐकणाऱ्याला आवाज चिरका लागतो आणि आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीवर खरखर उडते. इंग्रजीत तिला 'स्प्लॅटर' म्हणतात. मला 'शिंतोडे' हा शब्द त्यासाठी चपखल वाटतो, कारण त्रास शेजाऱ्याला होतो.

तेव्हा माझे मत : मॉड्युलेशनला मॉड्युलेशनच म्हणावे, डिस्टॉर्शनला 'विकृती', आणि 'विरूपण' जुने लेख वाचण्यापुरते लक्षात ठेवावे.

'गुणगुण' मात्र वेगळी ठेवा. जुन्या सेटच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर (विजेचे चढउतार सपाट करणारे भाग) सुकले की ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झचा घुमणारा सूर बोलण्याखाली सतत राहतो. बोलणे थांबले तरी तो ऐकू येतो, विकृती बोलण्याबरोबरच थांबते. दोघांनाही 'आवाज खराब' म्हटले, तर समोरचा बिचारा कपॅसिटर बदलायचे सोडून माइकचा गेन कमी करत बसेल.

आणि बोलण्यातली गुणगुण किंवा विकृती सांगायला शब्दच हवेत, कारण त्यांना आकडा नाही. सिग्नल कसा येतो ते हौशी रेडिओवाले एकमेकांना आरएसटी पद्धतीने कळवतात. तीत सुवाच्यतेला १ ते ५ आणि जोराला १ ते ९ असे आकडे आहेत. तिसरा, टोनचा आकडा मोर्ससाठी. बोलण्याच्या सिग्नलला 'फाइव्ह नाइन' म्हणून थांबायचे. सिग्नल दणकट, शब्द न् शब्द कळतो आणि खाली गुणगुण : असला सेटही फाइव्ह नाइनच.