दोन आयईएमची (कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनची) तुलना करतोयस? आधी एवढंच बघ

अरे मस्त, दोन आयईएम हातात आले म्हणजे खरी सुरुवात झाली. आवाजाचे ग्राफ, डीएसी (डिजिटल गाण्याचा ऐकू येणारा सिग्नल करणारं यंत्र), केबल हे सगळं आत्ता बाजूला ठेव, खरंच.

१. आधी टिप्स, म्हणजे कानात जाणारी ती मऊ टोकं. कानात सील नीट बसलं नाही तर बेस गायब होतो आणि आपण म्हणतो आयईएमच पातळ वाजतोय. सगळ्या साइज लावून बघ, दोन्ही कानांना वेगळी साइज लागली तरी चालतं.

२. आवाज सारखा कर. सगळेजण इथेच चुकतात, कारण १-२ डेसिबलने मोठा वाजणारा आपल्याला जास्त क्लिअर वाटतो, आणि फोनवर व्हॉल्यूम तेवढाच ठेवला म्हणून दोन्ही सारखे वाजतील असं नाही, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठा वाजतो ते) वेगळी असते ना.

३. गाणं एकच, फोन एकच, तुकडा २०-३० सेकंदांचा. तबला-तंबोरा असलेलं, तुला पाठ असलेलं काहीतरी घे आणि डग्ग्याचा घुमारा भरीव येतोय का, तंबोऱ्याच्या तारा सुट्या कळतात का एवढंच ऐक. कालच्या आठवणीशी आज तुलना नको, आवाज इतका लक्षात राहत नाही, लगेच बदलून ऐक.

ही तुलना झाल्यावर आठवडाभर एकच वापर, कान त्याला सरावले की दुसरा लाव, फरक आपोआप जाणवेल. आणि व्हॉल्यूम कमीच ठेव हां, कान जपायचेत.