मुंबई–लंडन: अंतर एक, वेळा दोन

प्रश्न : लेकीकडे लंडनला जाताना विमानाला साडेनऊ तास लागले. येताना साडेआठ तासांत मुंबई! वाट तीच ना? (एक आजी, सांगली)

वाट जवळपास तीच, वारा मात्र उलटा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमान भोवतालच्या हवेतून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. वारा सरासरी ५०चा धरा. जाताना तो समोरून, म्हणजे जमिनीवरून मोजलेला वेग ८५०. येताना तोच पाठीशी, म्हणजे ९५०. सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. भागून बघा, जवळजवळ तासाचा फरक निघतो. हिवाळ्यात हे वारे जोर धरतात, तेव्हा तो आणखी वाढतो. ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून’ असं एखादा भाचा सांगेल. त्याचं ऐकू नका. हवाही पृथ्वीबरोबर फिरते. नाहीतर सांगलीत उडी मारली की पाय रत्नागिरीत टेकले असते.

प्रश्न : मुंबई–लंडन अंतर एकीकडे ३,८९० मैल लिहिलंय, दुसरीकडे ४,४७५. खरं कुठलं?

दोन्ही. पहिला सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा, वैमानिक तोच वापरतात. दुसरा रस्त्यावरचा.

प्रश्न : समोरच्या पडद्यावर विमान वाकडंतिकडं जाताना दिसलं. इंधन फुकट जात नाही का?

भिंतीवरचा नकाशा फसवतो. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तोच सर्वांत जवळचा मार्ग. नकाशावर तो कमानीसारखा उत्तरेकडे फुगलेला दिसतो. पण खरा वळसाही असतो, आणि तो बहुधा राजकारणाचा. मुंबई–लंडनचा हा दोरा पाकिस्तानवरून जातो. फेब्रुवारी २०१९मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर ते आकाश जुलैपर्यंत मिटलं होतं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने ते पुन्हा बंद केलं, पण या वेळी फक्त भारतीय विमानांना. मग ती अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेने निघाली आणि ब्रिटिश कंपनीचं विमान मात्र जुन्या वाटेने जाऊ शकत होतं. म्हणून तिकीट काढताना कंपनी बघून वेळ ताडून पाहा. मुंबईकरांना त्यातल्या त्यात समुद्र जवळ. दिल्लीकरांचा वळसा मोठा.

प्रश्न : तिकिटावर रात्री २ला सुटून सकाळी ७ला लंडन. पाचच तास?

दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा राहतो. लेकीला विमानतळावर बोलावताना एवढं सांभाळा.

प्रश्न : अर्धा तास उशिरा सुटलो, तरी वेळेवर पोहोचलो. पायलटने दामटलं का?

थोडं दामटलं असेलही. पण छापलेली वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. दारापासून दारापर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणारी रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात माराव्या लागणाऱ्या घिरट्या तीत धरलेल्या असतात. त्या दिवशी घिरट्या वाचल्या असतील.