अर्थसंकल्पात कामाचं नाव आलं म्हणजे पैसे मिळाले का?

तुम्ही विचारलंय, केंद्राच्या बजेटमध्ये ऐरोली-कळवा उन्नत (खांबांवरून जाणाऱ्या) लोकल रेल्वे मार्गाला तरतूद दाखवली की पैसे लगेच येतात का. नाही. तरतूद ही खर्चाची कमाल परवानगी असते, हातात दिलेली रोकड नव्हे.

तयारी आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. अर्थ मंत्रालयाचं परिपत्रक निघतं, मंत्रालयं मागण्या पाठवतात, मग घासाघीस. १ फेब्रुवारीच्या भाषणानंतर (२०१७ च्या आधी ते फेब्रुवारीअखेर व्हायचं) लोकसभा अनुदानाच्या मागण्या (प्रत्येक मंत्रालयाने मागितलेला खर्च) मंजूर करते. विनियोजन कायदा (पैसा काढायला संसदेची परवानगी देणारा कायदा) झाला की मगच संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येतो.

खरी मेख पुढेच आहे. वर्षाच्या मध्यात सुधारित अंदाज, म्हणजे प्रत्यक्ष खर्च बघून बदललेले आकडे, ठरतात. जमीन किंवा झोपड्यांचं पुनर्वसन अडलं असेल तर रेल्वे खर्च तरी कुठे करणार? मग आकडा कापला जातो, आणि उरलेलं ३१ मार्चला बुडतं. शेवटच्या क्षणी उधळपट्टी नको म्हणून केंद्राने खर्चावर वर्षाच्या तरतुदीच्या शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के अशी मर्यादा घातलेली आहे. (आमच्या ठाण्यातल्या गल्लीतले पेव्हर ब्लॉकही मार्चमध्येच उखडतात. त्याचा दिल्लीशी संबंध नाही, पण आजार तोच.)

याच मार्गातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, उन्नत भाग मात्र मागे राहिला. त्यामुळे भाषणापेक्षा रेल्वेचं पिंक बुक (बजेटसोबत येणारी कामांची यादी) बघा. त्यात कामनिहाय तरतूद असते. मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा.