मिनिकॉयला पहिल्यांदा गळ टाकताना

आपण लक्षद्वीपमधील मिनिकॉयसाठी महागडी काठी आणि रीळ घेण्याच्या विचारात आहात. माझा आग्रह असा की पहिल्या खेपेस साधी हातदोरीच न्यावी, कारण मासा आमिष चाचपू लागला की ते बोटांना जसे कळते, तसे काठीवर नवख्याला कळत नाही. मात्र दोरी उघड्या बोटांभोवती कधीही गुंडाळू नका. मोठा मासा ओढू लागला तर ती मांसात रुतते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शिसे, म्हणजे दोरी बुडवणारे वजन, तळाशी पडून राहू देणे. ते प्रवाळात अडकते, आणि गळ तर जातोच, प्रवाळही तुटते. (माझे कित्येक गळ असेच गेले.) तळ लागताच दोरी हातभर वर घ्यावी. उथळ पाण्यात अनवाणी उतरू नये.

प्रवाळभिंतीच्या आतल्या शांत पाण्यातली चिमुकली मासळी आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण तेथील कुप्याची (ट्यूना माशाची) मासेमारी तिच्यावरच उभी आहे: ती जिवंत पकडून नावेतल्या पाण्यात ठेवतात, कुप्याची झुंड दिसताच समुद्रात फेकतात, वरून पाण्याचे फवारे उडवतात आणि उलटा काटा नसलेल्या गळांच्या काठ्यांनी एकेक कुपा वर खेचतात. तेव्हा नावाड्याला विचारल्याशिवाय या मासळीला हात लावू नका. समुद्रकाकडीला, म्हणजे तळावर दिसणाऱ्या काकडीच्या आकाराच्या मऊ प्राण्याला, तर कायद्याचेच संरक्षण आहे.

प्रवेश परवाना आधी काढावा, आणि पावसाळा टाळावा. खोल पाण्यातील मासेमारीचे पुढच्या खेपेस पाहू.