नाताळात बेटांवर कोण जातं?

प्रश्न: नाताळला चर्च सजतात, गाणी होतात ते ठीक, पण जी माणसं कुठेतरी बेटावर एकटी पडलीत, वर हातात पैसा नाही, त्यांच्यापर्यंत खरंच कोणी जातं का हो?

उत्तर: जातात की. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याला ढिगानं छोटी बेटं आहेत, तिथे १९०५ मध्ये मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोन पाद्री भावांनी सी कोस्ट मिशन सुरू केलं, म्हणजे मच्छीमार, दीपगृह सांभाळणारी कुटुंबं यांच्याकडे बोटीनं जायचं, प्रार्थना घ्यायची, नाताळात भेटवस्तू पोचवायच्या. त्यांची सनबीम बोट आजही फिरते, त्यावर नर्स असते आणि व्हिडिओवरून डॉक्टरशी बोलता येतं, मला तर हे प्रवचनापेक्षा मोठं वाटतं (पाद्री रागावतील!). १९२९ मध्ये त्याच भागात वैमानिक विंकापॉ यांनी दीपगृहांवर विमानातून नाताळची पुडकी टाकली, कारण खराब हवेत हेच दिवे त्यांना वाट दाखवायचे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, २५व्या अध्यायात येशू म्हणतो ना, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही खायला दिलं, आधार तोच. पण नुसतं पुडकं देऊन, फोटो काढून निघालात तर काही खरं नाही, जानेवारीतही जावं लागतं.