वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती श्रद्धेतला स्वर्ग कसा असेल?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझी एक ख्रिस्ती मैत्रीण वारली. तीस वर्षे आम्ही दोघींनी एकाच शाळेत शिकवले. दफनविधीसाठी मी वसईला गेले होते. शवपेटी कबरीत उतरवल्यावर सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली. परतताना तिचे पती मला म्हणाले, ‘‘आता भेटेल तेव्हा तिचे गुडघे दुखत नसतील.’’ ते वाक्य मनातून जात नाही. ख्रिस्ती लोक ज्याला स्वर्ग म्हणतात, तो नेमका कसा असतो? तिथे माणसे एकमेकांना ओळखतात का? आणि मी हिंदू आहे. ती मला तिथे भेटेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, आपल्या मैत्रिणीच्या पतींनी नेमका गुडघ्यांचा उल्लेख केला, आणि ख्रिस्ती आशेचा गाभा त्यातच आहे. आत्मा देहाच्या तुरुंगातून सुटतो, वर ढगांत जातो आणि कायमचा तिथेच राहतो, अशी स्वर्गाची कल्पना पुष्कळांच्या मनात असते, आणि त्यांत ख्रिस्ती माणसेही कमी नाहीत. परंतु दर रविवारी चर्चमध्ये उभे राहून जो विश्वासांगीकार म्हटला जातो, त्याच्या शेवटी ‘शरीराचे पुनरुत्थान’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द लागोपाठ येतात. ज्या देहाने तुमच्या मैत्रिणीने तीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवले, त्या देहाला देव टाकून देत नाही, असे ही श्रद्धा सांगते.

त्यामुळे मृत्यूनंतरचे दोन टप्पे मनात वेगळे ठेवावे लागतात. पहिला टप्पा मृत्यूनंतर लगेचचा. शेजारच्या क्रुसावर मरत असलेल्या अपराध्याला येशू म्हणाला, ‘‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’’ हे सुखलोक म्हणजे देवाच्या सान्निध्यातली विश्रांती, पण तो शेवटचा मुक्काम नव्हे. दुसरा टप्पा जगाच्या अखेरीचा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, ते लिहिणाऱ्या योहानाला ‘नवे आकाश व नवी पृथ्वी’ दिसते आणि पवित्र नगरी देवापासून खाली उतरताना दिसते. तिथे माणसे वर जात नाहीत, देवच माणसांबरोबर वस्ती करायला खाली येतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असेच मागणे आहे. पृथ्वीवरून सुटका व्हावी, असे ती प्रार्थना कुठेही म्हणत नाही.

या दोन टप्प्यांमध्ये मृतांना देवाचे दर्शन कितपत घडते, यावर चर्चमध्ये मोठा वाद झालेला आहे. पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ साली सर्व संतांच्या सणाच्या दिवशी दिलेल्या प्रवचनात असे मत मांडले की अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत धार्मिकांच्या आत्म्यांनाही देवाचे पूर्ण दर्शन घडत नाही. त्यावर धर्मपंडितांमध्ये खळबळ उडाली. १३३४ साली मरणशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले, आणि त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली निर्णय दिला की शुद्ध झालेल्या आत्म्यांना न्यायदिनापूर्वीच देव समोरासमोर दिसतो. ज्यांची शुद्धी अजून पुरी झालेली नाही, त्यांच्यासाठी कॅथलिक श्रद्धेत शुद्धिस्थान आहे. २ नोव्हेंबरला कबरी झाडून, फुले वाहून, मेणबत्त्या लावून प्रार्थना होतात त्या अशा मृतांसाठी. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत.

‘स्वर्ग’ या शब्दाने मराठी वाचकाचा थोडा गोंधळ होणे साहजिक आहे. गीतेच्या नवव्या अध्यायातला स्वर्ग पुण्य संपेपर्यंतचा आहे. पुण्य सरले की जीव पुन्हा मर्त्यलोकी येतो. ख्रिस्ती स्वर्गातून परत येणे नाही, आणि तो पुण्याच्या हिशेबावर नव्हे तर देवाच्या कृपेवर उभा आहे. अंतिमतेच्या दृष्टीने तो मोक्षाच्या जवळ जातो, पण तिथे थेंब सागरात विरून जात नाही. प्रत्येक माणूस आपल्या नावानिशी उरतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढेही शब्दाची हीच अडचण होती. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी देवाच्या निवासासाठी ‘वैकुंठ’ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द घेतला आणि त्यात नवा अर्थ भरला. मराठी ओवीत लिहिणाऱ्या त्या इंग्रज धर्मगुरूचे धाडस मला आजही थक्क करते.

आता ओळखीविषयी. माझ्या आईची बोटे संधिवाताने वाकली होती. शेवटच्या वर्षी तिला रोजरीच्या माळेचे मणी सरकवता येत नसत, म्हणून मी तिच्या शेजारी बसून एकेक मणी तिच्या अंगठ्याखाली सरकवत असे. एका संध्याकाळी ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘देवाच्या घरी ही बोटं सरळ झाली, तर तुझ्या बाबांना मी ओळखू कशी येणार?’’ मी तेव्हा धर्मशास्त्र शिकवत होते, तरी मला पटकन उत्तर सुचले नाही. नंतर मी तिला योहानाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय वाचून दाखवला. पुनरुत्थित येशू बागेत उभा आहे आणि मग्दालिया मरीयेला तो माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो आणि त्या एका हाकेने ती त्याला ओळखते. त्याच अध्यायात त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. लूकच्या शुभवर्तमानात तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. म्हणजे देह तोच आहे आणि तरीही पालटलेला आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात यासाठी पेरणीचा दाखला दिला आहे : आपण नुसता गव्हाचा दाणा पेरतो, आणि देव त्याला अंग देतो. दाणा आणि ओंबी दिसायला सारखी नसतात, पण त्या ओंबीचे नाते त्याच दाण्याशी असते. देह पुरला नाही तर काय, ही शंका येथे पुष्कळांना येते. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनालाही परवानगी दिलेली आहे, कारण देवाचे सामर्थ्य हाडांच्या शाबूत राहण्यावर अवलंबून नाही.

पुनरुत्थानानंतर माणसे लग्न करत नाहीत, असे येशूने सदूकी लोकांना, म्हणजे पुनरुत्थान न मानणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, स्पष्ट सांगितले आहे. पती-पत्नींना ते वाचून धक्का बसतो. परंतु तो प्रश्न सात भावांशी एकामागून एक लग्न लागलेल्या विधवेविषयी होता, ती सातांपैकी कोणाची बायको होईल असा, आणि ती कोणाच्या मालकीची नाही हे त्या उत्तरात सांगितले गेले. प्रेम तिथे पुसले जाते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत जड गेला. पुष्कळ इव्हँजेलिकल मंडळ्या, म्हणजे वैयक्तिक विश्वासावर भर देणारे प्रोटेस्टंट गट, असे शिकवतात की ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावाचून तारण नाही, आणि ते वाक्य सौम्य करून आपल्याला सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, असे नोंदवले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, परंतु जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. मी त्याच चर्चमध्ये वाढले आहे आणि माझा कल तिकडेच आहे. त्या नगरीच्या वेशी दिवसा कधीही बंद होत नाहीत आणि तिथे रात्र तर नाहीच, असे योहान लिहितो. आपल्या मैत्रिणीच्या कबरीत आपल्या हातची मूठभर माती आहे. आपण तिला तिथे भेटाल, अशी मी आशा करते आणि तशी प्रार्थनाही करते.

प्रश्न : सोन्याचे रस्ते आणि मोत्यांच्या वेशी हे सगळे शब्दशः खरे मानायचे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : काही जण तसे मानतात. मला मात्र मापे लक्षपूर्वक वाचावीशी वाटतात. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातली ती नगरी लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी बारा हजार स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर आहे. असे शहर कोणी बांधत नाही. पण अशा आकाराची एक जागा यहुदी वाचकाला पाठ होती. शलमोनाच्या मंदिरातले परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच होते आणि सोन्याने मढवलेले होते. तिथे केवळ मुख्य याजक, तोही वर्षातून एकदाच, जाऊ शके. योहान सांगतो आहे ते असे की अख्खी नगरीच आता परमपवित्रस्थान झाली आहे आणि तिथे सगळेच राहतात. म्हणूनच पुढच्या काही ओळींत तो म्हणतो की त्या नगरीत त्याला मंदिर दिसले नाही. सोने पायाखाली आले आहे ते याच कारणाने.

त्याच अध्यायात ‘समुद्र उरला नाही’ असेही आहे. वसईच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्यांना हे वाचून वाईट वाटले, तर मी त्यांना दोष देणार नाही. इस्राएली लोकांच्या मनात समुद्र म्हणजे अराजक आणि मृत्यू होता, आणि योहान स्वतः पात्म नावाच्या बेटावर होता. त्याच्यात आणि त्याच्या मंडळ्यांत तोच समुद्र आडवा पसरलेला होता.

प्रश्न : अनंतकाळ स्तुतिगीते गाऊन कंटाळा येणार नाही का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा प्रश्न उद्धट नाही; चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनीही जवळपास याच्याशीच झुंज घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की देव अमर्याद असल्यामुळे त्याच्याकडे जाण्याला शेवटची पायरीच नाही. मोशे डोंगर चढत गेला, देवाशी बोलला आणि तरीही त्याने ‘मला तुझे तेज दाखव’ असे मागितले. त्याला देवाची केवळ पाठ दिसली. ग्रेगरी त्याचा अर्थ असा लावतात की ज्याची पाठ दिसते, त्याच्या मागोमाग चालायचे असते.